नकाशावर रिकामा दिसणारा माळ

माझ्या स्क्रीनवर भर शहरात, गारखेड्यात, सव्वीस लांडगे दिसत होते. सगळे एकाच ठिपक्यावर, एका मंगल कार्यालयाच्या छतावर.

मी वन्यजीव अभ्यासक आहे. तेव्हा शहरातल्या एका कन्सल्टन्सीत कॉन्ट्रॅक्टवर पर्यावरण अहवाल लिहीत होते. गंगापूरच्या पुढं एका माळावर सोलर प्रोजेक्ट यायचा होता, आणि तिथं कुठले प्राणी आहेत हे आम्ही सांगायचं होतं. हल्ली लोक पाहिलेल्या प्राण्यांच्या नोंदी खुल्या वेबसाइटवर टाकतात. नोंदवणाऱ्यानं जागा म्हणून नुसतं 'औरंगाबाद' लिहिलं, तर कॉम्प्युटर शहरातला एक ठरलेला बिंदू चिकटवून देतो. लांडगे लग्नाला आले ते असे.

आमचे बॉस कुलकर्णी सर. त्यांनी शहराचं नवं नाव टाकून सर्च केला होता. जुन्या नोंदी जुन्या नावाखाली पडलेल्या, त्या मी शोधल्या तशा त्यांनी शोधल्याच नव्हत्या. उत्तर आलं शून्य.

"ड्राफ्ट तयार आहे," ते म्हणाले. "'उल्लेखनीय वन्यजीव आढळले नाहीत.' सही करा."

"सर, माळावर कुणी गेलंय का?"

"डेटा आहे ना?"

"डेटा चुकीच्या जागी आहे."

"मॅडम, सोमवारी क्लायंट येतोय. उगाच खाजवून खरूज काढू नका."

मी सही केली नाही. सोमवारपर्यंतचे पाच दिवस मागून घेतले.

ज्यांच्या नोंदी होत्या त्या सगळ्यांना मेसेज केले. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एका निवृत्त शिक्षकांनी मात्र त्याच संध्याकाळी जुन्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. गंगापूरच्या पुढचा माळ, पळसांचा नाला, लांडग्यांची जोडी. नाल्याचं नाव, गावाचं नाव, सगळं होतं. जागा प्रोजेक्टच्या हद्दीत येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं गंगापूर गाठलं, पुढं जीप. माळावर गयाबाई नावाच्या साठीच्या बाई मेंढरं राखत होत्या.

"मावशी, इकडं लांडगे आहेत का?"

"तुला कशाला पाह्यजे?"

"नाहीत असं कागदावर लिहायला सांगतायत."

त्या उसळल्याच. "नाय? यंदा दोन कोकरं नेली माझी! ती काय मांजरानं नेली व्हय?" मग जरा थांबून म्हणाल्या, "चल, दावते. पर जागा कुणाला सांगू नको. लोकं बिळात धूर करतेत."

"तुमची कोकरं नेली, तरी त्यांना जपता?"

"त्याचं पोट हाय ते. माळच गेला तर माझी मेंढरं कुठं चरतील?"

नाल्याच्या काठाला मी कॅमेरा लावला. समोरून काही हललं की तो आपोआप फोटो काढतो. तिसऱ्या सकाळी त्यात मादी होती, मागं तीन पिल्लं. तारीख, वेळ, जागा, सगळं चोख. माझ्या तोंडून मोठ्यानं "आलं!" निघालं. गयाबाईंची मेंढरं बिचकली.

सोमवारी मीटिंगमध्ये मी जागा झाकून फोटो क्लायंटसमोर ठेवले. सर मला उठवून केबिनमध्ये घेऊन गेले.

"तुम्ही नाही केली, तर सही दुसरं कुणी करेल."

"करू द्या. नोंद मी सकाळीच वनविभागात दिली आहे. पोच माझ्याकडं आहे."

"नोकरी नकोय का तुम्हाला?"

"हवीय. ही ओळ नकोय."

 

वनविभागाचे लोक येऊन पाहून गेले. नाल्याकडचा पट्टा प्रोजेक्टमधून वगळला. उरलेल्या माळावर पॅनेल लागले, त्यामुळं सगळं जिंकलं असं मी म्हणणार नाही. माझं कॉन्ट्रॅक्ट पुढं वाढलं नाही. गयाबाई अजून नाल्याकडंच मेंढरं नेतात. वेबसाइटवर मी ती नोंद टाकली, पण जागा मुद्दाम मोघम ठेवली. नेमका बिंदू फक्त वनविभागाकडं आहे.

आता मी स्वतंत्रपणे काम करते. कुणाच्याही अहवालात 'आढळले नाहीत' असं वाचलं, की मी एवढंच विचारते: शोधायला कोण गेलं होतं? बहुतेक वेळा समोरचा उत्तराऐवजी पाणी मागवतो.