सिन्नर ते मुरबाड, मोपेडच्या मागोमाग

सकाळी सहाला सिन्नर सोडलं तेव्हा थंडीनं बोटं वाकत नव्हती. पुढे शैलाची मोपेड आणि मागे माझी बुलेट. वास्तविक बुलेटनं पुढे असायला हवं. पण मी पुढे गेलो की दोन मिनिटांत बायको आरशातून नाहीशी होई आणि मला रस्त्याच्या कडेला उभं राहून तिची वाट बघावी लागे. असं तीनदा झाल्यावर हात टेकले आणि मुकाट्यानं तिच्या मागे लागलो. वेग पस्तीस! बुलेट पस्तीसनं चालवायची म्हणजे पैलवानाला बालवाडीत बसवायचं.

आम्ही मुरबाडला निघालो होतो. सिद्धगडाच्या पायथ्याला, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत (बांध घातलेली भातशेतं) मोटारसायकलवाल्यांचा मोठा मेळावा भरणार होता. पुण्या-मुंबईपासून पार सुरतेपर्यंतची माणसं येणार होती. आमचा सिन्नरचा दहाबारा जणांचा एक हौशी गट होता. रविवारी गाड्या पुसायच्या, भजी खायला कुठेतरी जायचं आणि सोमवारी त्याच्या गप्पा मारायच्या, एवढंच आमचं कर्तृत्व. त्या गटातल्या खैरनारनं मेळाव्याचा फॉर्म आणून दिला. जेवताना मी शैलाला म्हणालो, "चल, मागे बसून येशील?"

"मागे कशाला?" ती आमटी वाढता वाढता म्हणाली. "माझी गाडी आहे की."

शैला आरोग्यसेविका आहे. मोपेडच्या कॅरिअरला लसींचा डबा बांधून बारा वर्षं ती वाड्यावस्त्या फिरत होती. पण मुरबाड म्हणजे काय शेजारची वाडी आहे? मध्ये कसारा घाट, मुंबई रस्त्यावरचे ट्रक, आणि हिची ती पायडलची फटफटी! मी "बरं" म्हणालो आणि विषय मिटवला. फॉर्मवर दोन रकाने होते, एक 'चालक' आणि दुसरा 'मागे बसणार'. पहिल्यात मी माझं नाव लिहिलं आणि दुसऱ्यात तिचं. पाकीट चिकटवून टपालपेटीत टाकलं आणि मूग गिळून बसलो. घोटीला तिची बहीण राहते. तिथपर्यंत येऊन बाईसाहेब दमतील, मोपेड बहिणीच्या अंगणात लावतील आणि माझ्या मागे बसतील, असा माझा बेत होता. म्हणजे फॉर्मही खरा आणि मीही खरा.

घोटीला मेहुणीनं गरम पोहे केले. मी मुद्दाम विचारलं, "दमली असशील ना?"

"मी? छे!"

"नाही, गाडी इथं ठेवायची असेल तर..."

"का? पंक्चर दिसतंय का?" असं म्हणून ती वाकून चाकं बघायला लागली. मेहुणीसमोर कोण शोभा करून घेणार? मी पोह्यांची दुसरी बशी घेतली. बेत तिथेच फसला होता आणि आता मुरबाडला त्या फॉर्मशी गाठ पडणार, हे मला लख्ख दिसत होतं. तिला आधी सांगायचं, एवढं एकच काम माझ्यापुढे उरलं.

इगतपुरी ओलांडली आणि घाट सुरू झाला. डाव्या हाताला खोल दरी, तिच्यात सकाळचं धुकं, आणि समोरच्या डोंगराच्या पोटातून आगगाडी हळूहळू बाहेर येत होती. एरवी मी हे सगळं डोळे भरून बघितलं असतं. पण माझी नजर हिच्या मागच्या चाकावर खिळलेली. शैला मात्र आरामात उतरत होती आणि मधूनच विनाकारण एक्सिलरेटर पिळत होती. वळणावर थांबलो तेव्हा मी खेकसलो, "उतारावर रेस कशाला करतेस? जीव नकोसा झालाय का?"

"अहो, उतारावर रेस पूर्ण बंद ठेवली तर इंजिनाला ऑइल मिळत नाही. पेट्रोलातच असतं ना ते. मध्ये मध्ये घोट पाजावा लागतो." एवढं बोलून ती पुढे गेलीसुद्धा. तीस वर्षं गाड्यांच्या गप्पा मारणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं, पण बुलेटला त्याची गरज नसते, असं मी स्वतःला समजावलं.

कसाऱ्याला चहा घेतला. टपरीवाल्यानं आम्हा दोघांकडे आणि दोन्ही गाड्यांकडे निरखून पाहिलं. "नवराबायको ना तुमी? मंग दोन गाड्या कशाला? भांडान झाला काय?"

"अजून नाही झालं," शैला हसत म्हणाली. मला चहाचा ठसका लागला.

खर्डी गेलं, आटगाव गेलं. तानसा तलावाकडे जाणारा फाटा दिसताच तिनं हात करून विचारलं, जायचं का? मी मानेनंच नको म्हटलं. शहापूरला डावीकडे वळलो आणि ट्रकांचा गोंगाट एकदम मागे राहिला. आता दोन्ही बाजूंना कापलेली भातं, मधूनमधून वालाचे हिरवे तुकडे आणि सागाची मोठमोठी वाळकी पानं रस्त्यावर. हवा अशी की मन आपोआप मोकळं व्हावं. आता गाडी थांबवावी आणि सांगून टाकावं, असं मी ठरवत होतो, तेवढ्यात माझ्या डाव्या हातात कट्‌ असा आवाज झाला. क्लचची वायर तुटली. आणि जादा वायर? ती घरी, कपाटात, कापडात नीट गुंडाळून ठेवलेली!

"पुढे किन्हवलीला मिळेल," शैला म्हणाली. "तुम्ही बसा सावलीला." आणि ती फटफटत निघूनही गेली. बुलेटवाला झाडाखाली आणि मोपेडवाली कामाला.

शेजारच्या खळ्यावर साठीच्या एक बाई पेंढा रचून उडवी (पेंढ्याची गंजी) करत होत्या. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून दिला, मग तांदळाची भाकरी आणि तिच्यावर सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) कांद्यात परतलेली. इतकी चविष्ट की मी दुसरी भाकरी न लाजता मागून घेतली. त्यांचा मुलगा ठाण्याला कामाला. "लोकलचा पास काढलाय त्यानं. पहाटे जातो न काळोख पडल्यावर येतो. पेंढा कोन रचनार? मीच." मग त्यांनी रस्त्याकडे बोट केलं. "ती बाय गेली ती तुझी कोन?"

"बायको."

"एकटीच चालवत आली? घाटातून?" त्यांनी हनुवटीला बोट लावलं. "हिंमतीची गो बाय!"

अनोळखी माणसाजवळ मन मोकळं करणं सोपं असतं म्हणतात, ते खरं आहे. मी फॉर्मची सगळी हकिगत सांगून टाकली. बाई पेंढा हातात धरून ऐकत राहिल्या.

"म्हंजे ती तुझी वायर आनायला गेली, न तू तिला मागं बसवून ठेवलीस?"

"तसंच म्हणायचं."

"मंग सांग ना तिला. वाट कुनाची बघतोस?"

"चिडेल हो."

"चिडंल तर चिडंल. तू काय ल्हान हायेस?"

शैला तासाभरानं आली. हातात वायर, पिशवीत गरम वडे आणि तोंडभर हसू. किन्हवलीचा म्हातारा मिस्त्री म्हणाला होता की बाईमाणसानं बुलेटची वायर मागितली असं त्याच्या दुकानात आजवर झालं नव्हतं. मी घसा खाकरला. "शैला, तो फॉर्म भरताना..."

"फॉर्म राहू द्या, आधी पकड द्या."

वायर बसली. निघताना बाई शैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "बाय गो, याला काय तरी सांगायचाय तुला."

शैलानं माझ्याकडे पाहिलं. आणि मी काय सांगितलं? "काही नाही, उशीर होतोय म्हणत होतो." बाईंनी माझ्याकडे जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. भित्रा, भित्रा मनुष्य!

सरळगावपासून रस्ता गाड्यांनी भरून गेला. बुलेटी, जुन्या टू-स्ट्रोक, काही चकचकीत परदेशी. मुरबाडचा बाजार ओलांडून म्हसा गावाच्या रस्त्याला लागलो तर कडेला गावंच्या गावं बघायला उभी. मोपेड दिसली की बायका ओरडत, "ए, बाई बघ, बाई!" शैला हात हलवी. सिद्धगड समोर उंच उभा राहिला, कातळ उन्हानं तांबूस झालेला. मागून तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण तिची पाठ इतकी ताठ मी क्वचितच पाहिली होती.

मेळाव्याच्या फाटकाशी टेबल मांडून एक चष्मेवाले गृहस्थ यादी घेऊन बसले होते. चालकाला लाल बिल्ला, मागे बसणाऱ्याला पिवळा. त्यांनी माझं नाव शोधलं, लाल बिल्ला मला दिला आणि पिवळा शैलाला.

"हा नको, लाल द्या," ती म्हणाली. "मी चालवत आलेय."

"ताई, यादीत तुम्ही मागे बसणार आहात." त्यांनी फाइल उघडून आमचा फॉर्म तिच्यापुढे धरला.

शैलानं तो वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्याकडे वळली. "अक्षर तुमचंच आहे."

मी मान हलवली.

"म्हणजे मी पोहोचणारच नाही, असं तुम्ही आधीच लिहून टाकलं होतंत."

मी मध्येच त्या गृहस्थांना म्हणालो, "दोन लाल द्या ना, काय बिघडतं?" पण ते हलेनात. यादी बंद झाली होती, एका नोंदीवर एक गाडी आत, आणि हा नियम सगळ्यांना सारखा. मागे हॉर्न वाजायला लागले. शैलानं पिवळा बिल्ला टेबलावर ठेवला, मोपेड कडेच्या आंब्याखाली नेऊन स्टँडवर लावली आणि तिथेच बांधावर बसली.

"तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मी थांबते. घरापासून इथपर्यंत गाडी चालवून मी कुणाच्या मागे बसून आत जाणार नाही."

माझा स्वभाव तापट आहे. पहिल्यांदा रागच आला, तिचा, त्या गृहस्थांचा, सगळ्या जगाचा. फाटकाच्या आत खैरनार आणि आमचा सगळा गट हात करून मला बोलावत होता. वर्षभर मी या दिवसाची वाट पाहिली होती. आणि मग मला तिचे हात दिसले, माझी वायर बसवून काळे झालेले. मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू.

मी टेबलाशी परत गेलो. "साहेब, एक नोंद, एक गाडी ना? मग गाडी ती. चालक त्या. मागे बसणार मी."

त्यांनी चष्म्यावरून मोपेडकडे पाहिलं, मग माझ्या देहाकडे पाहिलं. "नियमात बसतं," ते म्हणाले, आणि दोन्ही नावांची अदलाबदल करून त्यांनी खाली माझी सही घेतली.

बुलेट आंब्याखाली कुलूप लावून ठेवली. लाल बिल्ला मी शैलाच्या हातात दिला आणि पिवळा स्वतःच्या छातीवर लावला. ती उठली आणि पदर खोचून म्हणाली, "कॅरिअरवर बसावं लागेल. पाय वर धरा."

मी बसलो. मोपेड बिचारी कण्हली. फाटकातून दहा हात गेलो आणि खाचराच्या बांधावर चढताना इंजिनानं मान टाकली. शैला जोरजोरात पायडल मारायला लागली. "उतरा, ढकला!" मी उतरलो, ढकललं, धावलो, पुन्हा उडी मारून बसलो. ते अफाट मैदान, त्यावर उभी असलेली शेकडो माणसं, आणि त्यांच्यामधून मी, पाय वर धरून! आधी हशा झाला. मग कुणीतरी हॉर्न वाजवला, आणि बघता बघता सगळं मैदान हॉर्न वाजवायला लागलं. खैरनार पोट धरून हसत होता. लाज वाटली का? वाटली, खोटं कशाला सांगू. पण आमच्या बाईसाहेब हँडल सरळ धरून, ओठ मुडपून, मैदानाला पूर्ण फेरी मारून आल्या.

दिवसभर तिनं सगळ्यांशी गप्पा मारल्या. गावच्या बायकांनी तिला गराडा घातला, वालाची उसळ आणि भाकरी आग्रहानं खायला घातली, मोपेड चालवून बघितली. माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलणं. मुक्कामाला मुरबाडात होतो, तिथेही तेच.

दुसऱ्या दिवशी परतलो. घाट चढताना मोपेडचा दम निघाला. शैला एकीकडे पायडल मारत होती आणि मी मागे बुलेट पहिल्या गिअरमध्ये रखडवत होतो. ट्रकवाले हॉर्न मारून कान फोडत होते आणि मी हात करून त्यांना बाजूनं काढत होतो. घोटीजवळ टपरीवर टेकलो तेव्हा मी म्हणालो, "चुकलं माझं."

"हो," ती म्हणाली.

"राग आहे अजून?"

"फॉर्मचा नाही. तुम्ही मागे बसलात तेव्हाच तो गेला." तिनं कप खाली ठेवला. "बारा वर्षं मी रोज गाडी काढते. तुम्ही एकदा तरी विचारलंत, कुठून जातेस?"

मी आठवून पाहिलं. उशीर का झाला, विचारलं होतं. पेट्रोल भरलंस का, विचारलं होतं. कुठून जातेस, हे खरंच कधी नाही.

"कुठून जातेस?" मी विचारलं.

ती सांगायला लागली. ओढ्यापलीकडची वाडी, तिथं पावसाळ्यात गाडी अलीकडे लावून डबा डोक्यावर घ्यायचा आणि कमरेएवढ्या पाण्यातून जायचं. मग टेकडीवरची वस्ती. मग ती बांधाची वाट, जिथं एका अडलेल्या बाईला मोपेडवर बसवून तिनं दवाखान्यात आणलं होतं. त्या रात्री ती उशिरा आली म्हणून मी जेवण गार झाल्याची कुरकूर केली होती. ते मला आठवलं, तिलाही आठवलं असणार, पण ती पुढच्या वाडीचं सांगत राहिली. आम्ही आणखी दोन चहा घेतले.

"मला बघायचंय हे सगळं," मी म्हणालो. "रजा काढतो. बुलेटवर तुझ्या मागोमाग येतो."

"बुलेट त्या पाणंदीत (दोन कुंपणांमधली अरुंद वाट) वळायची नाही," शैला म्हणाली. "चालत या."

मंगळवारी गेलो. तिसऱ्या वाडीच्या चढावर मी एका दगडावर मटकन बसलो आणि म्हणालो, "थांब जरा." तिनं मोपेड माझ्याजवळ लावली, डबा खांद्याला अडकवला. "तुम्ही बसा, मी येते जाऊन," म्हणाली आणि वर चढून गेली. थोड्या वेळानं वरून पोरांचा गलका ऐकू आला, "बाई आल्या, बाई आल्या!" तिची अजून चार गावं बाकी होती.