गाव : येळ्ळूर

असा विद्यार्थी आपल्या कॉलेजात नव्हताच, असं नव्या क्लार्कबाईंचं म्हणणं होतं. फॉरेन स्टुडंट्सचं रजिस्टर त्यांनी दोनदा चाळलं होतं. म्हणून प्रिन्सिपलसाहेबांनी मला, रिटायर्ड हेडक्लार्कला, बोलावून घेतलं.

ई-मेल दक्षिण आफ्रिकेतून आला होता, थेम्बा नावाच्या माणसाच्या मुलीचा. गोऱ्यांच्या राज्यातून निसटून वडील भारतात आले आणि बेळगावात बी.एस्सी. झाले. आता त्यांना काही आठवत नाही. येळ्ळूरला घरी न्या, एवढंच म्हणतात. एखादा तरी कागद पाठवा, त्यांच्या हातात द्यायला.

"‘नो रेकॉर्ड’ कळवून टाकू," साहेब म्हणाले.

मी एक दिवस मागून घेतला.

आमच्या जुन्या रजिस्टरला गाववार सूची असे. येळ्ळूरच्या पानावर, पाटलांच्या रांगेत, थेम्बा सापडला. अक्षर माझंच. ॲडमिशनच्या गर्दीत मान वर न करता मी विचारलं असणार, गाव कुठलं? आपण मूळ गाव विचारतो. त्या बिचाऱ्यानं खोली घेतलेलं गाव सांगितलं. मला माझीच लाज वाटली.

त्याच्या ॲडमिशन फॉर्मवर फोटो होता. झेरॉक्स घेऊन येळ्ळूर गाठलं. विचारत गेलो तर त्याची घरमालकीण आक्का भेटली, आता ऐंशीच्या पुढं. फोटो डोळ्यांजवळ नेऊन तिनं बराच वेळ पाहिला.

"व्हय, ह्यो आमचा थेम्बाच. रेडिओ कानाला लावून बसायचा. म्हणायचा, तुमच्या देशानं येवार तोडला, तसा समद्यांनी तवाच तोडला असता, तर आईच्या मातीला तरी पोचलो असतो."

भारतानं त्या राजवटीशी व्यापार केव्हाच बंद केला होता. बडी राष्ट्रं मात्र आज-उद्या करत राहिली. तेवढ्यात थेम्बाची आई गेली. समद्यांनी म्हणजे किती देशांनी, हे आक्काला अजून बोटांवर मोजता येत होतं. त्यानंच शिकवलेलं.

मी म्हटलं, "पण आक्का, तसं झालं असतं तर ते गोऱ्यांचं राज्य आधीच पडलं असतं, आणि तो इथं आलाच नसता."

"न्हाय आला असता. त्येला आई तर दिसली असती."

येळ्ळूर सोडून घरी पोचेपर्यंत त्या माउलीनं मनातून त्याला कितीदा परत पाठवलं असेल, याचाच विचार करत होतो.

रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स मुलीला गेली. मुलीचं उत्तर आलं, वडील ‘येळ्ळूर’वर बोट ठेवून शांत बसतात.

रजिस्टरातली नोंद दुरुस्त करायची का, असं साहेबांनी विचारलं. मी नको म्हटलं. उभ्या नोकरीतली माझी ही एकच चूक बरोबर निघाली.