लिफ्टमधला दुसरा ईसीजी

मी डॉक्टर आहे. जे कागदावर उमटत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं मी घरी सगळ्यांना ऐकवायचे... म्हणून हे लिहिताना संकोच वाटतोय.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. वसई पूर्वेला, वालीवकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं छोटं हॉस्पिटल — तळमजल्यावर कॅज्युअल्टी, तिसऱ्यावर आयसीयू. दुपारी चारला राऊत काका आले. वय अठ्ठावन्न, सोनचाफ्याची वाडी आहे त्यांची. छाती धडधडतेय म्हणून स्वतः चालत आलेले. नाडी एकशे नव्वद!

ईसीजीत ठोके नियमित, पण रुंद. असे ठोके बहुतेकदा हृदयाच्या खालच्या कप्प्यातून येतात, आणि ते जिवावर बेततं. पण काका मजेत बोलत होते, बीपीही ठीक. फोनवर सीनियर म्हणाले, "अगं, एवढ्या गप्पा मारतोय म्हणजे वरच्याच कप्प्यातलं. ठोके उतरवायचं इंजेक्शन दे आणि मोकळी हो."

मला पटेना. निदान चुकलं तर त्याच इंजेक्शनने हृदय बंद पडू शकतं. सिरिंज भरून घेतली, पण म्हटलं, वर आयसीयूत नेऊनच काय ते ठरवू.

लिफ्टमध्ये काका स्ट्रेचरवर, मी आणि फिलोमिना सिस्टर. काकांच्या पायाशी बॅटरीवर चालणारं, मॉनिटर असलेलं शॉकचं मशीन आणि ईसीजीचं मशीन. पहिला मजला गेला आणि लाईट गेली. जनरेटर धडधडला, पण लिफ्ट जागची हलली नाही. मोबाईलला रेंज नाही. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, टाइम लागेल!"

वळायलाही जागा नव्हती. पंखा बंद, अंगाची लाही लाही. काका घामाने निथळायला लागले.

"मॅडम... दार उघडा ना..."

सिस्टरने मोबाईलचा टॉर्च धरला. "डॉक्टर, बीपी ऐंशीवर आलंय. काय करायचं?"

विचारायला कुणी नव्हतं. सीनियर चुकणार नाहीत, असं स्वतःला बजावत मी सिरिंज सलाईनच्या नळीला लावली...

खर्रर्र —

ईसीजी मशीनमधून कागद बाहेर येत होता. त्या मशीनची बॅटरी कधीच गेली होती, प्लगशिवाय ते चालत नसे. वायरी गुंडाळून वर ठेवलेल्या!

"जेजू!" क्रूसाची खूण करत सिस्टर पुटपुटली.

कागदावर काकांचं नाव. तेच रुंद ठोके, मग वेड्यावाकड्या रेघा... आणि मग एकच सरळ रेघ. छापलेली वेळ ४.२६. माझ्या घड्याळात ४.१७ झाले होते.

मी सिरिंज उपसून काढली. "सिस्टर, शॉक देऊया!"

शॉक बसताच काका किंचाळले. मॉनिटरवर क्षणभर काहीच नाही... मग एक ठोका, दुसरा. अरुंद, संथ. नाडी अठ्ठ्याऐंशी.

पुढची नऊ मिनिटं मी त्यांचं मनगट सोडलं नाही. ४.२६ झाले. काका डोळे उघडून म्हणाले, "पाणी मिळेल काय?" मला रडूच फुटलं.

पुढे तपासण्यांत बिघाड खालच्याच कप्प्यातला निघाला. टेक्निशियनने मशीन खोलून पाहिलं. "मॅडम, प्लगशिवाय हे चालूच होणार नाही," एवढंच म्हणाला. ४.२६ चा तो कागद मी घडी घालून घरी कपाटात ठेवला.

डिस्चार्जच्या दिवशी काका म्हणाले, "माझे ईसीजी सगळे फाईलला लावलेत ना? मुलगी बघायला मागतेय."

"सगळे लावलेत, काका," मी म्हटलं.

पेशंटशी मी खोटं बोलले, ते तेवढंच.