नाडी आणि नमस्कार

माझी नात गेल्या वर्षी काही आठवडे मानसोपचाराच्या वॉर्डात दाखल होती. मी भेटायला गेलो, तेव्हा ती नमस्काराला वाकली नाही. आमच्या घरात असे होत नाही. आजारपण समजून मी मनावर घेतले नाही.

वडवणीला घरी परतल्यावर तिने कारण सांगितले. दाखल करताना सलवारीची नाडी काढून घेतात. कोणी जिवाचे बरेवाईट करू नये म्हणून. हेतू योग्य आहे. परंतु मग सलवार एका हाताने धरूनच जेवायचे, चालायचे, माणसांसमोर उभे राहायचे.

त्याच वॉर्डातून बऱ्या झालेल्या दोन मुली तिने जमवल्या. मागणी एकच: नाडीऐवजी इलॅस्टिक. बीडला त्या वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांची भेट ठरली.

"आबा, तुमी नुसतं बसायचं. बोलायचं न्हाई."

"मग मला नेतेस कशाला?"

"टोपी बघून आत सोडतेत."

तसेच झाले. डॉक्टरांनी तिघींकडे न पाहता मला विचारले, "बोला काका, काय अडचण आहे?" मी बोललो नाही. त्यांनी पुन्हा विचारले आणि चहा माझ्यापुढे ठेवला. मी कप नातीकडे सरकवला.

"भरती ती होती. तिला विचारा."

तिने पिशवीतून स्वतः शिवलेली सलवार काढून टेबलावर ठेवली.

"सर, इलॅस्टिक आतून शिवलंय. ओढून बघा, निघत न्हाई. आमाला दोन्ही हात मोकळे पायजेत, बस."

डॉक्टरांनी ओढले. मग जोर लावून ओढले. ते निघाले नाही.

"बायकांच्या वॉर्डात सुरू करून पाहू," ते म्हणाले.

"आन् गड्यांनी कामून पायजमा धरून फिरायचं?" नातीने विचारले.

डॉक्टर हसले. "बरं, त्यांनाही."

बाहेर येताच ती म्हणाली, "बोललातच ना शेवटी!"

"एकच वाक्य बोललो."

"दोन होती."

एसटी स्टँडवर भर गर्दीत ती अचानक वाकली आणि दोन्ही हातांनी माझे पाय शिवले. रस्त्यात हे काय, म्हणून मी दटावले.

"मागचा राहिलता," ती म्हणाली.

बसमध्ये खिडकीची जागा मी कोणाला देत नाही. त्या दिवशी तिला दिली.