निळा बर्फ
ग्लासात बर्फ वाजला की मला तो मे महिना आठवतो. लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती, सातवा महिना. "बाबा, गार कॉफी प्यावीशी वाटतेय, पण घरचीच," म्हणाली. फ्रीज बिघडलेला, म्हणून मी चिकलठाण्याच्या बर्फवाल्याकडं गेलो आणि सवयीनं भांडून सगळ्यांत स्वस्त लादी आणली. ती काचेसारखी निळसर होती. मला ती स्वच्छतेची खूण वाटली. दाट कॉफी करून निववली, दूध-साखर घालून घुसळली, वर बर्फ फोडून टाकला. तिनं मिटक्या मारत दोन ग्लास संपवले. मग बर्फ ठेवलेली बादली धुवायला गेलो, तर उरलेल्या बर्फाचं पाणी निळं. कॉफीत तो रंग दिसलाच नव्हता. बर्फवाल्याला फोन लावला आणि शिव्यांनीच सुरुवात केली. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, तो मासे ठेवायचा बर्फ. खायचा नाय, म्हणून तर निळा असतो. तुम्ही भाव विचारला, कशाला पाहिजे ते कुठं सांगितलं?" लेकीच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "लक्ष ठेवा, पोटात दुखलं तर लगेच आणा." दोन दिवस मी लेकीच्या दारात खुर्ची टाकून बसलो, तिनं कूस बदलली तरी ताडकन उठायचो. "बाबा, माझ्याआधी तुम्हीच बाळंत व्हाल," ती हसायची. काही झालं नाही. बर्फवाल्यानं आपणहून सांगायला हवं होतं, हा राग माझ्या मनात अजून आहे. पण परवा नातवानं गार कॉफी मागितली, तेव्हा घरच्या फ्रीजमधला, उकळलेल्या पाण्याचा बर्फसुद्धा मी एकेक खडा उजेडात धरून पाहिला.