हापशीच्या जागी कारंजं

"याले फेटा नोको. याले ते पिवळं टोपलं घाला."

दादासाहेब असं म्हणाले तेव्हा फेटेवाल्याचा हात माझ्या डोक्यापर्यंत आला होता. वाशिमहून खास बोलावलेला माणूस. माझ्याआधी त्यानं डॉक्टरला बांधला, सोयाबीनच्या व्यापाऱ्याला बांधला, दहावीत पहिली आलेल्या मुलीला बांधला. माझ्या फेट्याचं टोक त्याच्या दातात होतं. तो तसाच थांबला. मग कापड गुंडाळून पिशवीत ठेवून दिलं.

एका कार्यकर्त्यानं पिवळं प्लास्टिकचं हेल्मेट आणलं, माझ्या डोक्यावर दाबलं आणि वरून बोटांनी टकटक वाजवलं. स्टेजवरचे सगळे हसले.

"फोटोत ऑपरेटर वाटला पाह्यजे ना," दादासाहेब म्हणाले. "नाहीतर लोकं म्हणतीन, हा कोणाचा पाव्हणा."

उभं आयुष्य मी जेसीबी चालवला. हेल्मेट कधी घातलं नाही. कोणी दिलंच नाही. त्या दिवशी मिळालं, सत्कारासाठी. आणि मी हसलो. हे आधीच सांगून टाकतो. मीही हसलो.

दादासाहेब आमच्या गावच्या प्रतिष्ठानचे अध्यक्ष. रिसोड सुंदर करायचं म्हणून त्यांनी प्रतिष्ठान काढलं. भिंती रंगवल्या, दुभाजकात झाडं लावली, दरसाल 'नगरभूषण' म्हणून चांगल्या माणसांचा सत्कार सुरू केला. डाळमिल त्यांची. शाळा त्यांची. मी चालवायचो ती मशीनही त्यांचीच. यंदा त्यांनी आमच्या वस्तीच्या रस्त्याच्या तोंडाशी कारंजं बांधलं, रंगीत दिव्यांचं. त्या कारंज्याच्या उद्घाटनातच माझा सत्कार होता.

कारंज्याच्या जागी आधी आमच्या बौद्ध वस्तीची हापशी होती. ती मी उपटली. ती उपटताना माझ्या मायचा हात मोडला. तोही मीच मोडला.

एवढं बोलायला मला सात-आठ महिने लागले.

माय त्या हापशीला का चिकटली, ते सांगतो. मी लहान असताना दुष्काळात टँकर दादासाहेबांच्या वडिलांच्या वाड्यासमोर उभा राहायचा. बाकी गाव आधी भरायचं. आमच्या बाया उन्हात दूर उभ्या. त्यांची पाळी आली की दादासाहेब, तेव्हा मिसरूड फुटलेलं पोरगं, पाइप हातात घ्यायचा आणि पाणी भरायच्या पितळी गुंडांवर न धरता बायांच्या अंगावर सोडायचा. छातीवर. तोंडावर. एकदा माय चिखलात उताणी पडली. लुगडं अंगाला चिकटलं. गुंड गडगडत गेला. ओट्यावरची माणसं मांड्या थोपटून हसली. आणि मी, तिचं पोरगं, मीही हसलो. सगळे हसत होते म्हणून.

पुढे वस्तीतल्या लोकांनी तहसीलसमोर बसून, मार खाऊन हापशी आणली. पहिलं पाणी मायनं काढलं. ते पाणी तिनं कोणाला मागितलं नव्हतं.

प्रतिष्ठानला ती हापशी दिसायला घाण वाटली. घरोघरी नळ येणार आहेत, असं प्रतिष्ठानचे सचिव, म्हणजे शाळेतलेच मास्तर, वस्तीत येऊन गोड आवाजात सांगून गेले. नळ आले नाहीत. मशीन आली. मशीनवर मी.

सकाळची वेळ. बाया गुंड-बादल्या घेऊन उभ्या. माय ओट्यावर जाऊन बसली आणि हापशीच्या लोखंडी नळाला तिनं दोन्ही हातांनी मिठी मारली.

मी मशीन बंद केली.

दादासाहेब पायरीवर चढून केबिनमध्ये डोकावले. तोंडाला इलायचीचा वास. "काहून थांबला बे? तुही बुढी हाय म्हणून?"

"दादासाहेब, माय उठली की लगेच..."

माझ्या मानेवर थापड बसली. सगळ्या वस्तीसमोर. माझे केस पिकलेत. माझ्या पोरीचं लग्न झालंय. त्यांनी माझा कान धरला आणि पिळला, शाळेत पिळतात तसा.

"मशीन माही हाय का तुह्या मायची? चालव. ते उठते आपोआप."

मी मायकडे पाहिलं. ती ओरडत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती. तेव्हा मला राग आला, आणि तो दादासाहेबांचा आला नाही. मायचा आला. तिनं मला चारचौघांत असं उघडं पाडलं, याचा राग. थापड त्यांनी मारली आणि दात मी हिच्यावर खाल्ले. मी मशीन सुरू केली. लिव्हर ओढला.

बकेटचे दात हापशीच्या मानेत अडकले. ओटा तडकला. हापशीचा लांब दांडा उसळून वर गेला आणि खाली आला, तो मायच्या उजव्या हातावर. आवाज इंजिनच्या वर ऐकू आला. तुराट्या गुडघ्यावर मोडतात तसा. हाड कातडीतून बाहेर आलं. तरी डावा हात तिनं सोडला नव्हता. आणि मी, हे खरं आहे, मी लिव्हर सोडला नव्हता. मला दिसत होतं आणि हात ओढतच होता.

तेवढ्यात काच फुटली. माझ्या तोंडावर काचांचा सडा. माझा चुलतभाऊ सुदाम, मार्केटात हमाली करणारा, त्यानं गोटा हाणला होता. त्या दणक्यानं माझा हात सुटला. मशीन थांबली. माय जगली ती त्या गोट्यामुळे.

दादासाहेबांच्या माणसांनी सुदामला पकडलं. हापशीचा उपटलेला दांडा उचलला आणि त्याच दांड्यानं मारलं. गुडघ्यांवर. पाठीवर. मग तोंडावर. दात मातीत पडले. रक्ताच्या गुळण्या टाकत तो माझ्याकडे बघून ओरडत होता, "अबे, मायले उचल! मायले उचल ना बे!"

मी खाली उतरलो नाही. केबिनमध्ये बसून शर्टावरच्या काचा झटकत राहिलो.

बायांनी मायला उचललं. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "कसं झालं?" मी तिच्या उशाशी उभा होतो. मी म्हणालो, "पाय घसरला. हापशीवर पडली." मायनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही. हात वाकडा जुळला. भाकरी थापता येत नाही. वंदनेला दोन्ही तळवे एकमेकांना भेटत नाहीत.

दवाखान्यातून मला ठाण्यात नेलं. माय पाय घसरून पडली आणि सुदामनं ऑपरेटरला ठार मारायला गोटा मारला, अशी तक्रार मास्तरांनी सांगितली, पोलिसानं लिहिली, मी सही केली. सुदाम वाशिमच्या जेलात गेला. अजून तिथंच आहे. त्याची बायको रोज आमच्या दारावरून पाणी आणायला लांब जाते. शिवी देत नाही. थुंकते आणि जाते.

तर असा मी, पिवळं हेल्मेट घालून स्टेजवर.

मास्तर मानपत्र वाचायला उठले. मास्तरांना भाषेचा शौक. दरसालची मानपत्रं तेच लिहितात आणि वाचताना त्यांचे डोळे भरून येतात. माझं मानपत्र त्यांनी काचेच्या फ्रेममध्ये बसवलं होतं. घसा खाकरला आणि सुरू झाले.

"हे कर्तव्यमूर्ती! नगरविकासाच्या यज्ञात आपण निष्ठेची समिधा अर्पण केली. प्रत्यक्ष जन्मदात्री मार्गात आडवी आली, परंतु आपला हात क्षणभरही थरथरला नाही!"

टाळ्या पडल्या.

दवाखान्यात मी पाय घसरला म्हणालो होतो. ठाण्यात तेच म्हणालो होतो. आणि इथं मास्तरांनी, सुंदर वाक्य सुचलं म्हणून, खरं काय ते माइकवर वाचून टाकलं होतं. कोणाच्या लक्षातही आलं नाही. डॉक्टर टाळ्या वाजवत होता. व्यापारी वाजवत होता. ती दहावीतली मुलगीसुद्धा. मायचं हाड मोडल्याच्या टाळ्या. बांबूच्या कठड्यापलीकडे आमच्या वस्तीतली माणसं उभी होती. तिथं एकही टाळी नव्हती.

माझ्या कानात काहीतरी फुटलं.

"मास्तर," मी म्हणालो, "परत वाचा."

मास्तर खुलले. "पाहा, ऑपरेटर असून रसिक आहे!" त्यांनी परत वाचलं. आणखी हेलकावे देऊन. 'जन्मदात्री'वर थांबून. दादासाहेबांचा चेहरा दुसऱ्या वाचनाला बदलला. त्यांना कळलं. पण माइक तोवर मी घेतला होता.

मी भाषण केलं नाही. मला येत नाही. मी म्हणालो, "मास्तरनं वाचलं ते खरं हाय. माह्या मायचा हात मी मोडला. दादासाहेबानं मानेत मारून सांगतलं, चालव. मी चालवली. सुदामनं गोटा मारला म्हणून माय जित्ती हाय. त्यानं मले माराले नाही मारला. मी खोटी सही केली."

माइक बंद पडला. पुढचं मी तसंच ओरडून सांगितलं. वस्तीपर्यंत जायला माझा आवाज पुरे होता.

दादासाहेब फोटोतलं हसू तसंच ठेवून दातांतून म्हणाले, "खाली बस, भडव्या." मी मानपत्र घेतलं आणि स्टेजच्या कडेवर आपटलं. काच उडाली. मास्तरांनी "अहो, अहो" केलं. दादासाहेबांचा हात उठला, त्याच सवयीनं, माझ्या मानेकडे. आयुष्यात पहिल्यांदा मी तो हात हवेत धरला.

मऊ हात. मनगटात घड्याळ. मी पिळत गेलो. लिव्हर ओढून कमावलेली मूठ आहे माझी. आतलं हाड मला बोटांना लागत होतं. अजून थोडं, आणि तो आवाज मला परत ऐकू आला असता. त्यांच्या तोंडचं हसू गेलं. डोळ्यांत पाणी आलं. "सोड बे," म्हणाले. मग, "सोडा ना बावा." मला 'सोडा' म्हणाले.

मी सोडला. दया आली असं कोणी समजू नका. तो हात मोडला असता तर मला हलकं वाटलं असतं. हाताला हात. मी घरी जाऊन झोपलो असतो, आणि सुदाम जेलातच राहिला असता.

मांडवामागे त्यांच्या माणसांनी मला गाठलं. कारंज्याच्या पाइपांत पाडून तुडवलं. बरगड्यांत लाथा. एकानं हेल्मेट काढून त्यानंच माझं तोंड फोडलं. मी हात वर केला नाही. पडल्या पडल्या सुदामचा मार आठवत होतो, आणि माझा त्याच्यापुढे काहीच नव्हता.

घरी आलो तेव्हा माय दारात बसून डाव्या हातानं तूर निवडत होती. माझं रक्त तिनं पाहिलं. उठली नाही. इतक्या महिन्यांनी तोंड उघडलं.

"लोकायसमोर बोलला म्हणते."

"हाव."

"पोलिसासमोर?"

"नाही अजून."

"मंग काहीच नाही बोलला तू अजून."

मी तिच्या पायाशी बसलो. "माय..."

"माय नोको म्हणू मले. सुदाम घरी येईस्तोवर नोको म्हणू." आणि तिनं सूप पुढं ओढलं.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेलो. ठाणेदारसाहेबांनी मला नीट समजावलं. तक्रार खोटी म्हणशील तर तुझ्यावरच गुन्हा. मायचा हात मोडला म्हणशील तर दुसरा. "विचार कर. पोरीचं सासर हाय तुले."

"लिहून घ्या," मी म्हणालो.

त्यांनी लिहून घेतलं नाही. त्यानंतरही गेलो. बाहेरच्या बाकावर बसवून ठेवतात. चहावाल्यालाही आता माझा चेहरा ओळखू येतो. दादासाहेबांचा निरोप येऊन गेला, मशीन तुझ्या नावावर करून देतो. मी निरोप्याला दारातूनच घालवला. मग वकील गाठला. वकील बरा माणूस आहे. तो म्हणतो, "दादासाहेबांनी जबरदस्ती केली एवढंच सांगा. लिव्हर तुमच्या हातात होता हे कायले सांगता? तुमी वाचता."

मला वाचायचं नाही. मी स्वतःला वगळून बोललो तर दादासाहेबांचा वकील एका प्रश्नात मला खोटा पाडेल, आणि सुदाम आत राहील. म्हणून आधी माझं नाव. मी ओढला लिव्हर, मी मोडला हात, मी केली खोटी सही. मग त्यांचं नाव. सगळ्यांसमोर, पूर्ण, साहेब न लावता.

कोर्टात सुदामच्या खटल्याची तारीख लागली आहे. वस्तीतल्या बाया साक्षीला येणार आहेत. सुदामची बायको येणार आहे. माय येते की नाही, मी विचारलेलं नाही.

सुदाम बाहेर येईल. मी आत जाईन. पण एकटा जाणार नाही. ज्यानं मानेत मारून 'चालव' म्हटलं, त्याला सोबत घेऊन जाईन.