पट्टी, खुणा आणि मोटारीची खोली

या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते ते हसायला. पिंपळाखालची बाई, मागून आलेली हाक, उलटे पाय... आणि खाली रांगेनं "अंगावर काटा आला". ज्यांना गॅस बंद केला की नाही हे आठवत नाही, त्यांना मेलेली मावशी मात्र स्पष्ट दिसते. आमच्या माहेरी देव नव्हते, अंगारे-धुपारे नव्हते. त्यात माझं पोट अशाच लोकांच्या भोळेपणावर चालतं, त्यामुळे मला विश्वास ठेवायची सोयच नाही.

माझा नवरा माइंड रीडर आहे. बोर्डावर 'प्रोफेसर', प्रत्यक्षात बारावी नापास. शाळांची गॅदरिंग, गणपती, कुठले कुठले महोत्सव... यवतमाळ जिल्ह्यात आम्ही पडदा लावला नाही असं गाव थोडं. डोळ्यांवर काळी पट्टी बांधून मी स्टेजवर बसते. तो लोकांत फिरतो, कुणाची तरी वस्तू हातात घेतो आणि मला विचारतो. प्रश्नाचा पहिला शब्द म्हणजे खूण. "लवकर सांगा" म्हणजे घड्याळ, "नीट सांगा" म्हणजे चष्मा, "हां, सांगा" म्हणजे खर्ऱ्याची, तंबाखू-सुपारीची पुडी — ती तर आमच्याकडे खिशाखिशात निघते. टाळ्या त्याला, शाल त्याला. मान आखडते माझी.

मग लोक पेटतात आणि प्रश्न विचारतात. नोकरी, लग्न, हरवलेली म्हैस. त्याचीही उत्तरं ठरलेली आहेत. हरवलेलं काहीही असो — "पूर्वेला आहे, सुखरूप आहे, परत येईल." पूर्वेलाच का, तर नवऱ्याला ती दिशा भारदस्त वाटते. हरवलेल्या माणसाचा प्रश्न मात्र घ्यायचा नाही, हे मी बजावून ठेवलं होतं. म्हशीच्या बाबतीत खोटं खपतं, माणसाच्या नाही.

गेल्या हिवाळ्यात मारेगावला एका शाळेच्या मैदानावर दुपारचा प्रयोग होता. पुढच्या रांगेत गावातली वजनदार मंडळी बसली की आमचे प्रोफेसर फुगतात. तेवढ्यात एका बाईचा आवाज आला. रडून रडून बसलेला.

"सर, माह्ये सासरे परवापासून घरी नाही आले. त्याईले आठवत नाही काही. साऱ्याईकडं पाह्यलं. बाईले दिसते काय, पाहा ना."

थंडीचे दिवस, म्हातारा माणूस, दोन रात्री बाहेर... मला वाटलं, हा आता हात जोडून टाळेल. तर हा माइकवर म्हणतो, "एकाग्र व्हा आणि सांगा." एकाग्र म्हणजे हरवलेलं. पट्टीच्या आत मला त्याची किळस आली. पण एवढ्या लोकांत गप्पही बसता येईना. ठरलेलं म्हटलं — पूर्वेला आहेत, सुखरूप आहेत, परत येतील.

मग खुर्च्या सरकल्याचा आणि माणसं पळाल्याचा आवाज आला. मला काही कळेना.

गाडीत सामान भरताना नवरा माझ्याकडे बघेना.

"तुले कोणं सांगतलं?"

"काय?"

"मोटारीच्या खोलीत हायेत, कडी बाहेरून लागली, असं म्हटलं न तू."

"मी पूर्वेले म्हटलं. ठरलं तेच."

"नाटकं नको करू. सारे आयकून राह्यले होते."

म्हातारा सापडला. गावाबाहेर एका वावरात, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत. थंडी लागली म्हणून आत शिरून झोपला आणि वावरवाल्यानं न बघता बाहेरून कडी लावली. बोलायचीही ताकद उरली नव्हती, पण जिवंत होता.

शाळेतल्या एका मास्तरांनी मोबाईलवर शूटिंग केलं होतं. नवऱ्याला खोटं पाडायचं म्हणून मी ते मागवलं. त्यात माझा आवाज स्वच्छ आहे : "पूर्वेला आहेत. सुखरूप आहेत. परत येतील." आणि ते ऐकून लोक उठून पळतात. नवऱ्यानं पुन्हा पुन्हा लावून पाहिलं आणि फोन पालथा ठेवला. मास्तर म्हणाले, व्हिडिओतच बिघाड असेल. हे मास्तर विज्ञान शिकवतात.

म्हाताऱ्याची सून नंतर यवतमाळला आमच्या घरी आली, तुरीच्या शेंगा घेऊन. मी सांगितलं, बाई, मी तसं बोललेच नाही. तरी ती माझ्या पाया पडली. मला तिचा रागच आला. गर्दीला हवं ते ऐकू येतं, हे मी जन्मभर पाहिलंय... पण ती खोली आणि ती कडी कुणाच्या डोक्यात होती, ते मला सांगता येत नाही.

सगळ्यात मोठा मूर्ख निघाला माझा नवरा. सगळ्या खुणा त्याच्याच डोक्यातल्या, आणि तोच माझ्याकडे त्या प्रेक्षकांसारखा बघायला लागला. मागच्या महिन्यात त्याच्या गालात आतून पांढरा चट्टा निघाला. वर्षानुवर्षांचा खर्रा, दुसरं काय. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"खरं सांग. काय निघन?"

"काही नाही निघत. ठीक होशीन तू," मी पोळी लाटता लाटता म्हटलं. मनापासून म्हटलं. इतकं सरळ मी त्याच्याशी कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

त्याचा चेहरा पांढरा पडला. "बरं," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

रिपोर्ट अजून आलेला नाही. या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि तुमची मला नकोत. दुसऱ्या दिवसापासून तो मला रोज सकाळी सामानाची व्हॅन चालवायला शिकवतो. त्या स्टेअरिंगला त्यानं मला कधी हात लावू दिला नव्हता. त्या संध्याकाळी तू काय आयकलं, असं मी रोज विचारते. तो समोर रस्त्याकडे बघत म्हणतो, "क्लच हळू सोड."